शॉट डावीकडे का जात होते: एका रायफल नेमबाजाचं प्रकरण

त्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक गोल तक्ता चिकटवलेला होता, घड्याळाच्या तबकडीसारखा. शॉट ज्या बाजूला जाईल त्या बाजूच्या पाकळीत चूक कोणती ते लिहिलेलं. नऊच्या पाकळीत लिहिलं होतं, ‘ट्रिगरवर बोट कमी’. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने स्वतःची भर घातली होती, ‘हाच माझा दोष’.

हे गृहस्थ ४४ वर्षांचे, नोकरी बैठी. १० मीटर एअर रायफल हातात घेऊन त्यांना १४ महिने झाले होते. वाचायची आवड दांडगी. नेमबाजीवर जे मिळेल ते छापून फाइलला लावायचे आणि रेंजवर येऊन करून बघायचे. माझ्याकडे आले ते एकच तक्रार घेऊन: “मॅडम, पहिले वीस शॉट छान जातात. मग ग्रुप डावीकडे सरकायला लागतो, आणि शेवटच्या सिरीजला तर मी नऊच्या रिंगमध्येच राहायला जातो.” (ग्रुप म्हणजे टार्गेटवर पडलेल्या शॉटांचा झुबका, सिरीज म्हणजे दहा शॉट.)

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की त्यांच्याकडची माहिती काही खोटी नव्हती. फाइलमधला जवळजवळ प्रत्येक कागद कुठे ना कुठे खरा होता. तरी सहा महिने ते चुकीच्या जागी औषध लावत होते, आणि त्यातले काही आठवडे ते औषध मीच दिलं होतं.

आधी अंतरांचा हिशोब, म्हणजे पुढचं कळेल. या प्रकारात ६० शॉट असतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यासाठी सव्वा तास मिळतो, आणि त्याआधी तयारी व सायटर शॉट (साइट जुळवायचे, गुणांत न धरले जाणारे) यांसाठी १५ मिनिटं. पेलेट ४.५ मिलिमीटरचं. टार्गेटच्या मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेटची कड त्या ठिपक्याला शिवली की दहा, म्हणजे पेलेटच्या छिद्राचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असावं लागतं. दशांशाच्या मोजणीत सगळ्यात वरचा आकडा १०.९, आणि तिथून दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी होतो. दोन्ही साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या मागच्या आणि पुढच्या खुणांमधलं, अंतर ८० सेंटीमीटर धरलं, तर टार्गेटवर अडीच मिलिमीटर चुकायला साइटची जुळणी ०.२ मिलिमीटरने हलली तरी पुरते. या खेळात ‘थोडंसं’ या शब्दाला काही अर्थ नाही.

त्यांचा ग्रुप शेवटी सरकायचा तो सुमारे दोन मिलिमीटर. एरवी १०.५ लागला असता तो शॉट ९.७ ला जातो. ‘नऊच्या रिंगमध्ये राहायला जातो’ म्हणत होते ते यामुळे.

आता फाइल. त्यातला तक्ता कुठून आला ते त्यांना आठवत नव्हतं. तो पुष्कळ ठिकाणी दिसतो, म्हणून त्यांचा त्यावर विश्वास बसला होता. मी नीट पाहिला. तो उजव्या हाताने पिस्तूल मारणाऱ्यांसाठीचा होता. पिस्तूल मनगटाच्या टोकाला असतं. बोट ट्रिगरवर तिरकं बसलं तर नळी आडवी ढकलली जाते, आणि त्याला अडवायला दुसरं काही नसतं. रायफल खांद्याला, गालाला आणि दोन्ही हातांना टेकलेली असते. शिवाय पिस्तुलाचा ट्रिगर जड असतो. १० मीटर एअर पिस्तुलाला तर नियमानेच किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो. रायफलीला असं बंधन नाही, त्यामुळे मॅच रायफलीचा ट्रिगर फार हलका ठेवलेला असतो. एवढ्या हलक्या ट्रिगरवर बोटाची जागा चुकून अख्खा ग्रुप दोन मिलिमीटर सरकवणं अवघड आहे. एखादा शॉट उडेल, पण तो कुठेही उडेल. तक्ता खरा होता, पण दुसऱ्या हत्याराचा होता. त्या पाकळीवर विसंबून त्यांनी सहा आठवडे बोट ट्रिगरवर आणखी आत घातलं होतं. फायदा तर झाला नाहीच, उलट जो ट्रिगर आधी स्वच्छ सुटत होता तो झटक्याने सुटायला लागला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

फाइलमध्ये एका जुन्या, जाणत्या नेमबाजाचं त्यांनी टिपून ठेवलेलं एक वाक्य होतं: रायफल थोडी कलली तरी १० मीटरवर फरक पडत नाही. या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे होती आणि ते वाचून दोघांनीही पान उलटलं होतं.

मग त्यांचा स्वतःचा अनुभव. त्यावर त्यांचा सगळ्यात जास्त भरवसा होता, आणि तो होणं साहजिकच होतं. तिसऱ्या सिरीजला ग्रुप डावीकडे गेला की ते साइटला उजवीकडे चार क्लिक द्यायचे, पाचव्या सिरीजला आणखी चार. त्यांच्या साइटचा एक क्लिक १० मीटरवर साधारण पाव मिलिमीटर. आठ क्लिक म्हणजे दोन मिलिमीटर, आणि शॉट परत मध्यावर. उपाय लागू पडायचा! दर वेळी लागू पडायचा. म्हणून त्यांनी ठरवून टाकलं की साइट सैल आहे, किंवा नळी तापते, किंवा प्रकाश बदलतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या सिरीजला ग्रुप उजवीकडे दिसायचा, की क्लिक मागे घ्यायचे. सहा महिन्यांत तो स्क्रू कितीदा मागेपुढे झाला असेल कोण जाणे. क्लिकनी दुखणं झाकलं जात होतं, आणि आपण ते बरं करतोय असा त्यांचा समज पक्का होत होता. चुकीचा उपाय मुळीच चालला नसता तर त्यांनी तो केव्हाच सोडला असता.

आता माझी चूक. पहिल्या भेटीत त्यांची तक्रार ऐकली आणि मी त्यांची टार्गेट कार्डं न बघता सांगून टाकलं, “तुमचा नॅचरल पॉइंट ऑफ एम बिघडतोय. वीस शॉटनंतर रायफल स्टँडवर ठेवता, परत येता, पाय नेमके त्याच जागी पडत नाहीत. मग रायफल मध्यावर आणायला स्नायू ओढावे लागतात.” नॅचरल पॉइंट ऑफ एम म्हणजे स्नायू न ओढता रायफल आपोआप जिथे रोखली जाते ती जागा. तिची तपासणी सोपी आहे: पोझिशन घ्यायची, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास सोडायचे, डोळे उघडायचे. साइट मध्यावर नसेल तर हाताने ओढायची नाही, पाय सरकवून सगळं शरीर फिरवायचं. सल्ला उत्तम आहे, आणि प्रत्येक शिकाऊ नेमबाजाने तो पाळावाच. पण तो मी का दिला? माझ्या उमेदवारीच्या काळात माझे शॉट आडवे जायचे त्याचं कारण ते होतं, म्हणून. त्यांच्या शरीराचं दुखणं मी माझ्या शरीरावरून ओळखलं. तीन आठवडे त्यांनी जमिनीवर पायांच्या खुणा करून मनापासून सराव केला. ग्रुप जात होता तिथेच गेला.

तेव्हा कुठे मी त्यांना म्हणाले, “आता सल्ले बंद. तुम्हीही वाचू नका आणि मीही सांगत नाही. दोन आठवडे साइटला हात लावायचा नाही. ग्रुप डावीकडे गेला तर जाऊ दे. प्रत्येक शॉट सुटला की निकाल बघायच्या आधी कॉल करायचा, मला कुठे वाटला ते बोलायचं, मी लिहीन.”

साइटला हात न लावणं त्यांना फार जड गेलं. ग्रुप डोळ्यांदेखत डावीकडे जातोय आणि हाताची घडी घालून बसायचं, हे कोणालाही जमत नाही. पण त्या दोन आठवड्यांच्या वहीने जे दाखवलं ते १४ महिन्यांच्या आठवणीने दाखवलं नव्हतं.

पहिली गोष्ट, ग्रुपचा आकार शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच राहत होता, फक्त त्याचं केंद्र सरकत होतं. पाय चुकले असते आणि स्नायू ओढले जात असते तर ग्रुप आडवा ताणला गेला असता, कारण कधी जास्त ओढ, कधी कमी. ट्रिगर झटक्याने सुटत असता तर सुटे शॉट उडाले असते. तसे काही उडत होतेही, पण ती बोट आत घालण्याची देणगी. बोट जुन्या जागी आल्यावर आठवडाभरात ते कमी झाले. दुसरी गोष्ट, सरकणं निव्वळ आडवं होतं, वर-खाली काहीच नाही. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: ते ‘मध्ये’ कॉल करायचे आणि शॉट डावीकडे लागलेला असायचा. म्हणजे साइटमधून त्यांना दिसत होतं ते बरोबर होतं. रिंगच्या मधोमध काळा गोल, चहूबाजूंनी सारखा पांढरा उजेड. डोळा बरोबर, ट्रिगर बरोबर, आणि पेलेट दोन मिलिमीटर डावीकडे.

प्रकाश बंदिस्त रेंजवर बदलत नव्हता, आणि पेलेट एकाच लॉटचे होते. ती शक्यता पहिल्याच दिवशी निकालात निघाली.

मग आम्ही फोन तिवईवर लावून बरोबर त्यांच्या मागे ठेवला आणि चौथ्या, अठ्ठाविसाव्या व बावन्नाव्या शॉटला फोटो काढला. रेंज संपल्यावर दोघं फोटो मोठे करून बघत बसलो. टार्गेटच्या चौकटीची उभी कड हा ओळंबा धरला आणि रायफलीच्या मध्यातून रेघ काढली. चौथ्या शॉटला रायफल उभी, जेमतेम एक अंश कललेली. अठ्ठाविसाव्याला चार अंश. बावन्नाव्याला सात, आणि कल डोक्याच्या दिशेने, म्हणजे डावीकडे. ते बराच वेळ तिसऱ्या फोटोकडे बघत राहिले. “मला तर ती सरळच वाटत होती,” म्हणाले.

वाटणारच. मान दमली की डोकं रायफलीकडे नेण्याऐवजी आपण रायफल डोक्याकडे आणतो, अगदी हळूहळू, शॉटागणिक. साठ शॉटांवर वाटला गेलेला सात अंशांचा फरक शरीराला कळत नाही.

आता ते वाक्य, कलल्याने १० मीटरवर फरक पडत नाही. हे तपासता येण्यासारखं होतं, म्हणून कागद घेऊन बसलो. मॅच एअर रायफलचं पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटरने सुटतं. वाटेत वेग थोडा कमी होतो, तेव्हा १० मीटर जायला ०.०६ सेकंद धरू. तेवढ्या वेळात ते गुरुत्वाने सुमारे पावणेदोन सेंटीमीटर खाली येतं. ही घट भरून काढायला साइट लावतानाच नळी तेवढी वर रोखलेली असते. रायफल उभी आहे तोवर हे ‘वर’ आणि गुरुत्वाचं ‘खाली’ एकमेकांना फेडतात. रायफल डावीकडे कलली की नळीचं ‘वर’ सुद्धा डावीकडे झुकतं. गुरुत्व मात्र सरळ खालीच ओढतं. उरतं ते आडवं. सात अंशांना हिशोब येतो २.१ मिलिमीटर डावीकडे. चार अंशांना १.२. खाली किती? सात अंशांनाही ०.१३ मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला दिसणार नाही इतकं. आणि त्यांनी दिलेले क्लिक: तिसऱ्या सिरीजला चार, पाचवीपर्यंत आठ. म्हणजे एक आणि दोन मिलिमीटर. आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर ते काही न बोलता उठले आणि एक फेरी मारून आले.

तरी कागदावरच्या हिशोबावर थांबायचं नाही असं आम्ही ठरवलं. त्यांनी घरून एक वस्तू करून आणली. जाड पुठ्ठ्यावर कोनमापकाच्या खुणा, मधोमध सुईने भोक, त्यातून दोरा, दोऱ्याला छोटा नट बांधलेला. गवंड्याच्या ओळंब्याचं धाकटं भावंड. ते नळीवर मागून दिसेल असं पक्कं केलं. रायफल टेबलावर टेकू देऊन ठेवली, म्हणजे मान, पाय, दम सगळं बाजूला. उभी धरून दहा शॉट, सात अंश डावीकडे कलवून दहा. मग पुन्हा उभी दहा, पुन्हा कललेली दहा, कारण एकाच फेरीवर विसंबायचं नव्हतं. कार्डांवरच्या ग्रुपची केंद्रं त्यांनी व्हर्नियर कॅलिपरने काढली. पहिल्या जोडीत फरक सव्वादोन मिलिमीटर, दुसऱ्या जोडीत दोनला थोडा कमी. दोन्ही वेळा डावीकडे.

टेकूवर आम्ही बोटाची जागा बदलूनही दोन कार्डं मारली. ग्रुप हलला नाही. हा पुरावा मात्र मी अर्धाच मानते, कारण टेकूवर रायफलीला हलायला वावच नसतो. उभ्या पोझिशनमध्ये बोटाने काय होतं ते त्यावरून ठरत नाही.

त्या जुन्या नेमबाजाला मी चुकीचा ठरवणार नाही. १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत दशांशाने मोजणी २०१३ पासून आली. त्याआधी पूर्ण अंक धरत. १०.९ आणि १०.० दोन्ही दहाच. दोन-तीन अंशांच्या कलाने शॉट एक मिलिमीटरच्या आत सरकला तर चांगल्या नेमबाजाचा दहा बहुधा दहाच राहायचा. त्यांनी सांगितलं ते त्यांच्या मोजणीत खरं होतं. आज तोच एक मिलिमीटर चार दशांश खातो, आणि साठ शॉटांच्या शेवटच्या वीसात तो खाल्ला तर निकालात दिसतो. तेव्हापासून कोणताही सल्ला ऐकला की मी विचारते: कोणत्या हत्याराचा, कोणत्या पोझिशनचा, कोणत्या सालचा. नियमपुस्तकालाही तेच लागू आहे. २०१७ पर्यंत महिलांची ही फेरी ४० शॉटांची होती, आता ६० ची. जुनं पुस्तक समोर धरून दमाची तयारी केली तर वीस शॉट उघड्यावर पडतात.

सुरक्षेचे नियम मात्र यात येत नाहीत. नळीची दिशा, उघडा बोल्ट, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (आत पेलेट नाही हे दाखवणारी खूण), शिशाच्या पेलेटनंतर हात धुणं. हे करून बघून, पटलं तर पाळायचं नसतं. सांगितलं की पाळायचं. आमच्या टेबलावरच्या प्रयोगातही प्रत्येक वेळी कोन बदलायच्या आधी बोल्ट उघडा आणि फ्लॅग आत, यात सूट नव्हती.

कारण सापडलं, आता उपाय. इथे त्यांच्या फाइलमधल्या दोन विश्वासू कागदांचं आपसात भांडण होतं. एक म्हणत होता, रायफल अगदी उभी धरा. दुसऱ्यात होतं, डोकं ताठ राहावं म्हणून बरेच तयारीचे नेमबाज रायफल मुद्दाम थोडी कलवतात. दोन्ही खरे आहेत. कल असण्याने शॉट वाया जात नाही. कल बदलण्याने जातो. साइट ज्या कलात लावली त्याच कलात साठावा शॉट सुटला तर टार्गेटला काही फरक पडत नाही.

म्हणून त्यांचा कल आम्ही काढला नाही, कायम केला. दमल्यावर मान कुठे जाऊन विसावते ते शरीराने सांगितलेलंच होतं. फक्त सात अंशांवर त्यांचा खांदा अवघडायचा, आणि एका अंशावर मान. ड्राय सरावात, म्हणजे पेलेट न घालता, करून करून साडेतीन अंशांवर दोन्ही सुखाने राहिले. खांद्याला टेकणारी बटप्लेट तेवढी फिरवली. गाल टेकवायचा चीकपीस थोडा वर आणि गालाकडे घेतला, साइटखाली उंची वाढवणारे ब्लॉक घातले, म्हणजे डोकं खाली वाकवायला नको. मग फोरसाइटचा, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटचा, टनेल उलट दिशेने तितकाच फिरवून घेतला, की रिंगला धरणाऱ्या आडव्या दांड्या डोळ्याला जमिनीशी समांतर दिसाव्यात. आता प्रत्येक शॉटआधी मध्य बघण्याच्याही आधी ते त्या दांड्या बघतात. तिरक्या दिसल्या तर शॉट सोडून देऊन रायफल खाली घेतात. शेवटी नव्या पोझिशनमध्ये साइट नव्याने शून्यावर लावली.

पहिले दोन आठवडे गुण खाली गेले. शरीराला नवी जागा परकी असते, आणि या टप्प्यावर पुष्कळ जण जुन्याकडे पळतात. त्यांनाही मोह झाला. वहीत एका पानावर फक्त एवढंच आहे: ‘आज साइटला हात लावावासा वाटला. लावला नाही.’

दहा आठवड्यांनी परत फोटो काढले. पाचवा, तिसावा आणि पंचावन्नावा शॉट. कल तिन्हींत एका अंशाच्या आत सारखा. साठ शॉटांत सायटरनंतर एकही क्लिक नाही. डावीकडे सरकणं थांबलं. शेवटच्या सिरीजचा ग्रुप अजून पहिल्यापेक्षा मोठा असतो, पण आता तो उभा ताणलेला दिसतो, वर-खाली. हे दुखणं वेगळं आहे, बहुधा श्वासाचं किंवा दमाचं, पण ‘बहुधा’वर मी या खेपेला काही सांगितलेलं नाही.

पेटीच्या झाकणावरचा तक्ता त्यांनी जपून सोडवला. त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘पिस्तूल, उजवा हात’, आणि पलीकडच्या लेनवर पिस्तूल मारणाऱ्या मुलाला देऊन टाकला. झाकणावर आता वहीतलं एक कोरं पान आहे. वर तारीख, रायफल, उभी पोझिशन. खाली एकच ओळ: ‘शेवटच्या दहात ग्रुप उभा का ताणतो?’